निंबपुऱ्याची थंड हवा

माझ्या नवऱ्याचा उजवा हात पाऊण सेकंद उशिरा चालतो, असं एका यंत्रानं सांगितलं आणि मी ते खरं मानलं. संसारात असल्या गोष्टी मानू नयेत, आणि मानल्याच तर बोलून तरी दाखवू नयेत. मी मानलीही आणि सकाळच्या चहाला बोलूनही दाखवली. त्यानंतर आमच्या घरात चहा दोन वेगवेगळ्या वेळी होऊ लागला.

मी शलाका ढोके. धामणखेड नगरपरिषदेच्या विमानतळावर धावपट्टी अभियंता. विमानतळ म्हटल्यावर काचेच्या उंच भिंती डोळ्यांपुढे आल्या असतील तर त्या पुसून टाका. आमच्याकडे अठराशे मीटरची एक धावपट्टी आहे, तीन मजल्यांचा मनोरा आहे आणि एक कँटीन आहे, तिथे आलुबोंडा बरा मिळतो. संत्र्याच्या रसाचे आणि औषधांचे कारखाने गावाबाहेर उभे राहिले तशी मालक मंडळींची छोटी जेट विमानं इथे उतरायला लागली. माझा नवरा यशोधन ती विमानं चालवतो. म्हणजे त्यानं किती लांब पट्टीवरून उडायचं ते मी ठरवायचं आणि उडायचं त्यानं, असा आमचा संसार.

धावपट्टी किती लांब हवी, हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. विमान हवेच्या आधारानं उडतं आणि हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाचाही दम कमी पडतो, आणि तेच विमान जमीन सोडायला जास्त धावतं. त्यात नुसतं उडण्यापुरतं अंतर असून भागत नाही. ऐन वेगात एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या पट्टीत थांबताही आलं पाहिजे. म्हणून पूर्वीचे अभियंते सगळ्यात तापणाऱ्या महिन्याचं सरासरी कमाल तापमान घ्यायचे, गावाची उंची घ्यायचे, विमान किती भरलेलं असेल ते धरायचे आणि आलेखावर बोट ठेवून लांबी काढायचे. अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या जेटना आमची अठराशे मीटर पुरत होती. पण कारखानदारांना इंधन भरून, माणसं भरून, मधे कुठे न उतरता थेट आखात गाठायचं होतं. तसं धरलं की आलेखावरचं बोट बावीसशेच्याही पुढे जायचं.

हे चारशे मीटर आणायचे कुठून? पश्चिमेला नाला आणि त्यापलीकडे रेल्वे. पूर्वेला निंबपुरा. निंबपुरा म्हणजे कडुनिंबांच्या दाटीत बसलेली वस्ती, मधोमध हातपंप, शाळेच्या दोन खोल्या, आणि धावपट्टीच्या कुंपणाला लागून असलेलं शेवटचं घर माझ्या आईचं, बेबीताई ढोकेचं. मी त्याच घरात जन्मले. पट्टी वाढली असती तर ती आईच्या चुलीवरूनच पुढे गेली असती.

त्याच सुमारास ‘प्रतिपट्टी’ आली. संगणकातली तशीच्या तशी दुसरी धावपट्टी. आम्ही तिला जुळी म्हणायचो. खऱ्या पट्टीलगतच्या खांबावरून तिला दर क्षणाची हवा कळायची, प्रत्येक विमानाचं वजन आणि इंजिनाची तब्येत कळायची, आणि त्या माहितीवर ती स्वतःच्या पोटात लाखो उड्डाणं करून पाहायची. आलेखातली लांबी म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा शिवलेला सदरा. जुळी प्रत्येक विमानाचं, त्या-त्या दुपारचं माप घ्यायची. नव्या नियमानुसार आलेखाऐवजी जुळीचा आकडा ग्राह्य होता. अट एवढीच, की तिनं आधी दोन उन्हाळे त्या जागेची हवा शिकायची.

जुळी दोन उन्हाळे शिकली आणि म्हणाली, भरलेल्या विमानाला ऐन मे महिन्यात सतराशे ऐंशी मीटर पुरे. आमच्याकडे अठराशे होती.

मी तो आकडा पाहिला आणि कार्यालयातच रडले. गाव सत्तेचाळीस अंशांत भाजत असताना पट्टीच्या निंबपुऱ्याकडच्या टोकाला एक्केचाळीसच अंश आणि हवेत ओलावा, असं जुळीचं म्हणणं होतं. त्याचं कारण मीच शोधून काढलं: कडुनिंबांची झाडी. अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं, की निंबपुऱ्यामुळे धावपट्टीची हवा थंड राहते, सबब वस्ती आणि झाडं दोन्ही राखावीत. ज्या वस्तीला पट्टीची अडचण म्हणत होते, ती पट्टीची गरज ठरली. नगरपरिषदेनं ठराव केला, पुऱ्यात पेढे वाटले गेले, आणि आईला व्यासपीठावर बोलावून तिच्या अंगावर शाल घातली. त्या शालीची आईनं अजून घडीसुद्धा मोडलेली नाही.

मग या उन्हाळ्यात एक कटकट सुरू झाली. भरलेली विमानं जुळीनं सांगितलेल्या जागेच्या बरीच पुढे जाऊन जमीन सोडायला लागली. उडत होती, काही बिघडत नव्हतं, पण ती पुढे जात होती. जुळीनं त्याचा शोध घेतला. हवा माहीत आहे, वजन माहीत आहे, इंजिन ठणठणीत आहे. मग उरलं कोण? तिच्या हिशेबात एकच अनोळखी गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे माणूस. इथून सगळ्यात जास्त उड्डाणं यशोधनचीच, त्यामुळे नावही त्याचंच आलं. वैमानिक इंजिनाला जोर द्यायला पाऊण सेकंद उशीर करतो. परवान्याची सुनावणी सोमवारी ठेवली.

“बारा वर्षं हा हात पुढे ढकलतोय मी,” तो शुक्रवारी सकाळी म्हणाला. “तो उशिरा चालायला लागला तर मला कळणार नाही?”

“ज्याचं त्याला कळत नसतं,” मी म्हणाले.

“माझ्या विमानातला तापमापक सत्तेचाळीस दाखवतो, शलाका. रोज.”

“जमिनीवर तो डांबराची धग पकडतो. म्हणून तर तो कुणी धरत नाही. तुला माहीत आहे हे.”

“मला हेही माहीत आहे की तिथे हवा पातळ लागते. पंखांना लागते, सीटला लागते. तुझी जुळी कधी सीटवर बसली आहे का?”

मी हसले. हसायला नको होतं. त्यानं कप ठेवला आणि गणवेशाची बटणं लावायला लागला.

“आज चारला रसाच्या कारखान्याचं सगळं संचालक मंडळ घेऊन जायचंय. इंधन पूर्ण, सीट पूर्ण. तुझ्या जुळीनं हो म्हटलंय.”

“तुला पटत नसेल तर नाकार.”

“नाकारलं की सोमवारी म्हणतील, आधी हात गेला, आता धीरही गेला. ‘मला वाटतं’ हे कारण जुळी घेत नाही.” दारात थांबून तो म्हणाला, “तुझी आईसुद्धा परवा मला समजावत होती. यंत्र कशाला खोटं बोलेल म्हणून. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.”

तो गेला. मला राग आला होता, आणि रागाखाली काहीतरी टोचतही होतं, पण मी रागच धरून बसले.

आमच्याकडे आता बारा ते चार उष्मारजा असते. कायद्यानंच सगळं बंद. फक्त दवाखाने आणि विमानतळ चालू. तीनच्या सुमारास आईचा फोन आला, की आंब्याचा रस काढलाय, येऊन घेऊन जा. एरवी मी तिच्याकडे दिवेलागणीनंतरच जाते. भर दुपारी निंबपुऱ्यात जायचं म्हणजे स्वतःला तळून घेण्यासारखं. पण त्या दिवशी कार्यालयात जीव लागेना. गाडी काढली. गाडीच्या पडद्यावर बाहेरचं तापमान सत्तेचाळीस होतं. पुऱ्यात शिरून झाडांखाली आले तरी ते सत्तेचाळीसच राहिलं. हे मी पाहिलं, आणि कसं कोण जाणे, त्यावर विचारच केला नाही.

आई घरात नव्हती. मागच्या दारानं अंगणात आले आणि तिथेच थांबले.

आईच्या अंगणाला लागून, कुंपणापलीकडे, जुळीचा खांब आहे. खांबाच्या बुंध्याशी चार पायांवर उभी असलेली पांढरी पेटी, फटीफटींच्या भिंतींची. तिच्यात तापमापक आणि ओलावा मोजायचं यंत्र. नियमानं ती डांबरापासून दूर, मोकळ्या जागेत, उघड्या उन्हावाऱ्यात हवी. तशी मोकळी जागा तेवढीच होती म्हणून मीच ती तिथे बसवून घेतली होती. त्या दिवशी आईला म्हणाले होते, हिच्याकडे लक्ष असू दे गं, बकऱ्या येतात.

पेटी मला दिसलीच नाही. दिसल्या त्या वाळ्याच्या ताट्या. तिन्ही बाजूंनी पेटीला लावून, सुतळीनं नीट बांधलेल्या, वरून पाणी निथळणाऱ्या. आमच्या भागात उन्हाळ्यात प्रत्येक कूलरला असतात तशाच. खाली जमिनीवर ताजा सडा. चार पायांच्या मधे मोगऱ्याचं आळं, त्यात पाणी तुडुंब. पेटीच्या डोक्यावर ओलं गोणपाट. आणि या सगळ्यापुढे हातात तांब्या घेऊन माझी आई.

“आली का व?” ती हसली. “पाह्य, तुह्या पेटीले कशी थंडगार ठेवली म्या.”

मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले आणि ताटीतून हात घालून पेटीवर ठेवला. ती माठासारखी गार होती. वाळ्याचा वास नाकात भरला. मी तिथे सड्यावर बसले.

“ऊन लागलं का व तुले? थांब, पानी आनतो.”

“आई, हे कधीपासून?”

“कायचं?”

“हे. ताट्या. पाणी.”

“पयल्या उन्हायापासून,” ती अभिमानानं म्हणाली. “तू म्हटलं होतं ना, लक्ष ठेव म्हनून. बिचारी भर उन्हात उभी रायते. आपन घरात कूलरपुढं बसाव अन् तिनं तापाव, हे काई बरं दिसते का? पानी पंपाचं नाही हो घेत मी. धुन्याचं ठेवतो बाजूले. संध्याकायी ताट्या काढतो, वारा लागू देतो तिले.”

“आणि वर्षाची तपासणी? माणूस येतो ना तपासायला?”

“तो हिवायात येते. तवा कायले ताट्या?”

सगळं जागच्या जागी बसत गेलं. तपासणी डिसेंबरात, ताट्या चैत्रात. मी यायची ती दिवेलागणीनंतर. खांबावरचा कॅमेरा पट्टीकडे तोंड करून, पेटीकडे पाठ. हवेतला ओलावा म्हणजे झाडी नव्हती, आईच्या धुण्याचं पाणी होतं. दोन उन्हाळे जुळी जी हवा शिकली, ती निंबपुऱ्याची नव्हतीच. ती आईच्या मायेची हवा होती, सहा अंशांनी थंड, आणि त्या हवेवर मी सतराशे ऐंशीचा आकडा काढून सही केली होती.

मी फोनवर जुळी उघडली. बोटं ओली होती, दोनदा चुकले. तिला विचारलं, पेटीचा आकडा बाजूला ठेव. हवा सत्तेचाळीस अंश आणि कोरडी धरली तर आजच्या चारच्या विमानाला किती लागेल?

तिला क्षणही लागला नाही. एकोणीसशे नव्वद.

खाली आणखी एक ओळ आली. मी ती मागितलीही नव्हती. ही हवा धरल्यास मागच्या सर्व उड्डाणांत वैमानिकाचा विलंब: शून्य.

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मला ओरडावंसं वाटलं. त्याचा हात बरोबर होता, पहिल्या दिवसापासून बरोबर होता, आणि तो माझ्यासमोर बसून तेच सांगत असताना मी हसले होते.

पट्टीकडून इंजिनांचा आवाज चढायला लागला. पट्टीच्या पश्चिम टोकाला विमान तोंड वळवून उभं राहिलं होतं, आमच्याच दिशेनं. सगळं सुरळीत झालं तर ते आईच्या कौलांवरून उडून जाणार होतं. ऐन वेगात एक इंजिन दगावलं तर थांबायला जवळजवळ दोनशे मीटर कमी होते, आणि ते दोनशे मीटर म्हणजे हे अंगण, हे घर, शाळेची भिंत.

मी मनोऱ्यावर फोन लावला. मुश्ताकभाई तिथे नियंत्रक आहेत.

“मुश्ताकभाई, विमान थांबवा.”

“ताई? जुळीनं हिरवा देला हाय.”

“लाल करा. आत्ता.”

“केला.” ते विचारत बसले नाहीत, त्यांचे उपकार. इंजिनांचा आवाज खाली आला. “आता कारन सांगा ताई. कारन टाकल्याबिगर ती लाल ठेवत नाही, तुमीच तसं बसवलं. दोन मिनिटांत परत हिरवा करन. डुक्कर आलं का पट्टीवर?”

आमच्या पट्टीवर रानडुकरं येतात. कुंपण उकरून येतात, हे काही नवीन नाही, आणि डुक्कर हे कारण जुळी मुकाट्यानं घेते. मुश्ताकभाईंनी आपणहून ते माझ्या हातात दिलं होतं. मी आईच्या घराकडे पाहिलं. भिंतीवर सारवणाचे ताजे हात होते.

“हो,” मी म्हणाले. “रानडुक्कर. निंबपुऱ्याच्या बाजूला.”

“मोठं हाय?”

“मोठं आहे. थांबा, लाइनवर राहा.”

मी फोन पदराखाली धरला. आई माझ्याकडे टक लावून पाहत होती.

“कुठी हाय व डुक्कर?”

“आई, गप्प राहा.”

“डुक्कर नाही अथी. तू खोटं काहून बोलली?”

वेळ नव्हता, आणि आईपुढे कधी नीट खोटं बोलता आलेलं नाही मला. सांगून टाकलं. तू पेटी थंड ठेवलीस, म्हणून यंत्राला हवा थंड वाटली. म्हणून त्यानं छोटी पट्टी पुरे म्हटलं. विमानं जास्त धावायला लागली तेव्हा त्यानं यशोधनचा हात धरला. हात चांगला आहे त्याचा. हवाच खोटी होती.

आईच्या हातातला तांब्या खाली आला. पाणी तिच्या पायांवर सांडलं, तिचं लक्ष नव्हतं.

“म्हंजे म्या पानी मारलं म्हनून?”

“हो.”

“अन् आता?”

“खरं सांगितलं तर ही पट्टी अपुरी ठरेल. मग ती वाढवतील. हे घर जाईल आई, सगळा पुरा जाईल. झाडांमुळे हवा थंड असं मी लिहिलंय, तेही खोटं ठरेल, मग पुऱ्याच्या बाजूनं बोलायला काहीच उरत नाही.” मी श्वास घेतला. “नाही सांगितलं तर आज डुक्कर म्हणून वेळ मारून नेऊ. ताट्या आज काढून टाकू. यंत्र हळूहळू खरी हवा शिकेल, विमानांत माणसं कमी बसवायला सांगेल. कुणाला कळणार नाही.”

“अन् जवाईबापू?”

मी फोन पदरात आणखी घट्ट धरला.

“सोमवारी त्याहीची सुनावनी हाय ना? लायसन जाईन का त्याहीचं?”

“जाईल.”

आईनं पुऱ्याकडे पाहिलं. दुपारचं कुणी बाहेर नव्हतं, सगळ्यांची दारं लागलेली, प्रत्येक खिडकीला ताटी. फोनमधून मुश्ताकभाईंचा बारीक आवाज येत होता, ताई, ताई.

“तुह्या बापानं ह्या घराच्या इटा सोता पाडल्या,” ती म्हणाली. “मी मातीत पाय देऊन उभी रायली होती. तू पोटात होती.” मग तिनं पदरानं चेहरा पुसला. “परवा म्या जवाईबापूले लय बोलली. यंत्र कायले खोटं बोलीन म्हटलं. त्यानं माह्यापुढं मान खाली घातली, व. एक शब्द उलटून नाही बोलला. अन् आता म्या घरासाठी त्याले खोटा पाडू?”

“आई, पुऱ्याला काय सांगशील? घर तुझं एकटीचं जाणार नाही.”

“घरोघर जाऊन सांगीन. शिव्या देतीन त्या खाईन. पन उद्या विमान ह्याच पुऱ्यात घुसलं, तं मंग कोनाच्या दारी जाऊ सांगाले?” तिनं हात पुढे केला. “दे फोन.”

मी दिला नाही. तिनं माझ्या हातातून काढून घेतला.

“मुश्ताक, बाबू, मी बेबीताई. डुक्कर-बिक्कर काई नाही. माही पोरगी घाबरली म्हनून बोलली. तू लिव्ह. बेबीताई ढोकेनं पेटीले पानी मारलं. तीन उन्हाये मारलं. ताट्या बांधल्या. हवा खोटी हाय, पट्टी पुरत नाही. लिवलं? शलाकाले ठाऊक नव्हतं, हे बी लिव्ह. अन् जवाईबापूचा हात चांगला हाय, हे सगयात वर लिव्ह.”

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग मुश्ताकभाई म्हणाले, “लिवलं, बेबीताई.”

विमानाची इंजिनं बंद झाली. इतकी शांतता झाली की मोगऱ्याच्या आळ्यात पाणी मुरताना ऐकू येत होतं. आईनं माझ्याकडे न बघता सुतळीच्या गाठी सोडायला घेतल्या. मी उठून दुसरी बाजू धरली. ताट्या उतरवल्या, गोणपाट काढलं, पांढरी पेटी उन्हात उघडी पडली. फोनवर जुळीचा आकडा सरकायला लागला. एक्केचाळीस, बेचाळीस, मग भराभर. त्याच्याबरोबर नकाशावरची लाल रेघही, पट्टी जिथवर लागेल ती, पुढे सरकत गेली. कुंपण ओलांडून, मोगरा ओलांडून ती आईच्या स्वयंपाकघरातून पलीकडे निघून गेली आणि शाळेजवळ थांबली. आईनं ते पाहिलं. तिला समजलं, मला काही सांगावं लागलं नाही.

यशोधन जीपमधून आला तेव्हा त्याचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. मनोऱ्यावरून त्याला सगळं कळलं होतं. तो जमिनीवर पडलेल्या ताट्यांकडे पाहत राहिला, मग पेटीकडे. मला वाटलं हा आता चिडेल, आणि चिडायचा त्याला हक्क होता. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“चुकलं माह्यं, बापू.”

“आई, असं काय करता?” तो गडबडला आणि खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. मग माझ्याकडे वळला. “किती निघाली?”

“एकोणीसशे नव्वद.”

त्यानं मान हलवली. कानशिलावरचा घाम त्यानं उजव्या हातानं पुसला. मी तो हात दोन्ही हातांत धरला. माफी मागायला तोंड उघडलं तर रडूच आलं, आणि तो म्हणाला, घरी गेल्यावर.

सोमवारची सुनावणी झालीच नाही. जुळीनं त्याच्या नावापुढची ओळ स्वतःहून पुसून टाकली. यंत्राला मागे यायला लाज वाटत नाही, हा तिचा एक चांगला गुण. निंबपुऱ्याच्या जमीन मोजणीचा आदेश मात्र त्याच आठवड्यात निघाला. आई खरंच घरोघर गेली. काहींनी तिला पाणी दिलं. काहींनी दारातूनच परत पाठवलं. हातपंपावर एकीनं तिच्या तोंडावर सांगितलं, की बेबीताई, तुमी गप्प राहिल्या असत्या तं काय झालं असतं? आईनं तिची कळशी भरून दिली आणि घरी आली. मी पट्टीच्या पश्चिमेला नाल्यावरून पूल बांधून लांबी वाढवता येईल का याचा हिशेब जुळीला घालून ठेवला आहे. ती अजून नाही म्हणालेली नाही, आणि हो म्हणेल असं मला मनापासून वाटत नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम भर दुपारी आईकडे गेले. ती मागच्या अंगणात होती. धुण्याच्या पाण्याची बादली घेऊन सवयीनं कुंपणापर्यंत गेली होती आणि तिथे थांबली होती. पलीकडे पेटी कडक उन्हात उभी. मोगरा सुकला होता.

“किती झालं व?” तिनं मागे न वळता विचारलं.

मी फोन पाहिला. “सत्तेचाळीस.”

“खरं ना?”

“खरं आहे, आई.”

ती थोडा वेळ पेटीकडे बघत उभी राहिली. मग वळली आणि सगळी बादली कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतली. मोजणीवाल्यांनी त्या झाडावर चुन्याची खूण करून ठेवली होती.

“त्याले तर चालते ना पानी?” ती म्हणाली.

मी हो म्हणाले, आणि दुसरी बादली भरायला गेले.